खडकातून पाणी, पाण्यातून नगर : मलिक अंबर यांचे जीवनकार्य

दख्खनच्या इतिहासात मलिक अंबर यांचे नाव सहसा रणांगणाच्या संदर्भात घेतले जाते. मोगल फौजांना पाव शतक झुंजविणारे सेनापती, गनिमी काव्याचे जाणकार आणि कोसळत्या निजामशाहीचा अखेरचा आधारस्तंभ अशी त्यांची ओळख शालेय पुस्तकांतून करून दिली जाते. ही ओळख खरीच आहे. परंतु त्यांनी जिंकलेले किल्ले पुढे इतरांनी जिंकले, त्यांनी तख्तावर बसविलेला वंश त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत नामशेष झाला. त्यांच्या कर्तृत्वापैकी जे आजही शिल्लक आहे, त्याचा मोठा भाग जमिनीखाली आहे. डोंगरपायथ्याचे पाणी मातीच्या नळांतून नगरापर्यंत आणणारी नहर-ए-अंबरी हे त्यांचे खरे स्मारक होय.

नगराची रचना करताना अगोदर भूमीचा उतार पाहावा, पाण्याचा मार्ग ठरवावा आणि मग त्या पाण्याच्या काठाने मशिदी, वाडे, बागा व वस्त्या उभाराव्यात, ही दृष्टी त्यांच्या कार्यात दिसून येते. यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड, वणी या भागांतील कुटुंबे दर उन्हाळ्यात पाण्याची जी चिंता अनुभवतात, ती लक्षात घेता या जीवनाचा अभ्यास केवळ इतिहासाची हौस राहत नाही.

बाजारातला मुलगा

मलिक अंबर यांचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास हबसाणात म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्यांचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. बालपणीच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले. अरबस्तानातील बाजारांतून हात बदलत ते बगदादला पोहोचले आणि तेथील मीर कासिम अल्-बगदादी या व्यापाऱ्याने त्यांना विकत घेतले. मीर कासिमने या मुलाची बुद्धिमत्ता ओळखली, त्याला शिक्षण दिले, हिशोब व कारभाराचे ज्ञान दिले. याच घरात त्यांनी इस्लामचा स्वीकार केला व अंबर हे नाव त्यांना मिळाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. इस्लामने गुलामाची मुक्तता ही मोठी पुण्यकृती ठरविली, अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करण्याचा आदेश दिला आणि जकातीच्या खर्चातही मुक्ततेसाठी वाटा राखून ठेवला. असे असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुले पळवून विकण्याचा धंदा करणाऱ्यांत मुस्लिम व्यापारीही होते. त्या बाजाराने चापूचे आईवडील, भाषा आणि गाव कायमचे हिरावून घेतले. पुढे त्याला मानाचे स्थान मिळाले म्हणून तो अन्याय न्याय ठरत नाही. मात्र दख्खनच्या समाजात गुलामाला सेनापती आणि कारभारी होण्याचा मार्ग खुला होता, हेही तितकेच खरे आहे.

१५७० च्या दशकाच्या प्रारंभी अंबर यांना दख्खनमध्ये आणण्यात आले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवा चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होते आणि एके काळी गुलामच होते. आपल्यासारख्याच मार्गाने आलेला मनुष्य राज्याच्या सर्वोच्च पदावर बसलेला अंबर यांनी प्रत्यक्ष पाहिला.

चंगेजखानांची पाठशाळा

चंगेजखानांचे नाव आपल्या वऱ्हाडच्या इतिहासाशीही जोडलेले आहे. पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५७४ मध्ये, वऱ्हाडची इमादशाही निजामशाहीत विलीन झाली, त्या मोहिमेमागची बुद्धी चंगेजखानांची होती. अचलपूर, बाळापूर, कळंब हा सारा मुलूख त्यानंतर सुमारे दोन दशके अहमदनगरच्या अमलाखाली राहिला. १५९६ मध्ये चांदबीबींना मोगलांशी तह करताना हाच वऱ्हाड देऊन टाकावा लागला. पुढे अकबराच्या कारभारात यवतमाळजवळचे कळंब हे एका सरकारचे, म्हणजे मोठ्या महसुली विभागाचे ठाणे झाले.

तरुण अंबर ज्या अहमदनगरात वाढले, ते शहर पाण्याच्या व्यवस्थेसाठी ख्यातनाम होते. आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात त्या काळी आसपासच्या उंच भागांतून खापरी नळांनी पाणी आणले जाई आणि ते महालांत, मशिदींच्या हौदांत व बागांत खेळविले जाई. शहराबाहेर हश्त बहिश्त बाग होती. तिच्या मध्यावर पाण्याने वेढलेली अष्टकोनी इमारत होती. दुसरी विख्यात वास्तू फराह बाग. तिच्या निर्मितीचा प्रारंभ चंगेजखानांच्या देखरेखीखाली झाला आणि अनेक बदलांनंतर सलाबतखान यांच्या हातून १५८३ मध्ये ती पूर्णत्वास गेली. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभा असलेला हा अष्टकोनी महाल उंच कमानींनी चारही दिशांना उघडा होता. भोवतालच्या पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरे आणि दख्खनच्या कडक उन्हाळ्यातही मधले दालन थंड राही.

या वास्तूंत इमारत आणि बाग यांचा विचार वेगळा केलेला नव्हता. तलाव हा महालाच्या रचनेचाच भाग होता. पाणी काढून टाकले तर कमानींचे प्रयोजन उरत नाही, आणि महाल काढून टाकला तर तलावाला मध्य उरत नाही. हे तत्त्व अंबर यांनी कोणत्या ग्रंथात वाचले हे शोधण्याची गरज नाही. ते ज्या मालकाच्या घरी कारभार शिकत होते, त्याच्याच देखरेखीखाली ही कामे चालली होती.

वीस वर्षांची भटकंती

चंगेजखानांचा मृत्यू १५७५ च्या सुमारास झाला. त्यांच्या विधवा पत्नीने अंबर यांना मुक्त केले. स्वतंत्र झालेल्या या तरुणाकडे जमीन नव्हती, नातलग नव्हते, आश्रय नव्हता. त्यांनी विवाह केला आणि विजापूरच्या आदिलशाहीत शिपाईगिरी पत्करली. सुमारे वीस वर्षे त्यांनी तेथे काढली. मलिक ही पदवी त्यांना तेथेच मिळाली.

विजापूर हेही पाण्याच्या शोधात वसलेले शहर होते. १५७९ मध्ये अली आदिलशहाने चांदबीबींच्या नावाने बांधलेली चांद बावडी, जामा मशिदीचे विशाल प्रांगण, तटबंदीच्या आत पाणी खेळविण्याची धडपड हे सारे त्या काळातच घडत होते. कोरड्या पठारावर हजारो लोकांची वस्ती कशी तगवावी, याचे दुसरे उदाहरण अंबर यांच्या नजरेसमोर होते.

१५९५ मध्ये ते अहमदनगरला परतले. अकबराच्या फौजांनी किल्ल्याला वेढा घातला होता आणि राजधानीत चार गटांत तख्ताचे भांडण चालू होते. अंबर यांच्याजवळ त्या वेळी दीडएकशे स्वारांचे छोटे पथक होते. १६०० मध्ये चांदबीबींची हत्या झाली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला. बहुतेकांनी निजामशाही संपली असे मानले. मलिक अंबर यांनी मात्र राजघराण्यातील एका तरुणास परांड्याच्या किल्ल्यावर तख्तावर बसविले, आपली कन्या त्याला दिली आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. हाच दुसरा मुर्तझा निजामशहा. राजधानी पुढे जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादेला आली. याच सुमारास अहमदनगरचा किल्लाही परत मिळाला.

या यशाला एक काळी किनार आहे. दरबारातील कलहातून दुसऱ्या मुर्तझाचा मृत्यू विषप्रयोगाने घडला आणि त्यात मलिक अंबर यांचा हात होता, असे इतिहासकार नोंदवितात. त्यानंतर त्यांनी बालराजास गादीवर बसविले. थोर माणसांचे जीवन सांगताना अशा गोष्टी झाकून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु न्याय हा आप्तांच्या आणि स्वतःच्या विरुद्ध गेला तरी सोडू नये, ही शिकवण चरित्रलेखनालाही लागू पडते.

खडकावरचे नगर

दौलताबादजवळ खाम नदीच्या काठी खडकी नावाचे लहानसे गाव होते. नावातच त्याचा स्वभाव आहे. काळ्या खडकाची, उंचसखल, पाणी धरून न ठेवणारी ही जमीन. १६१० मध्ये मलिक अंबर यांनी येथे नवे नगर वसविण्यास प्रारंभ केला. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

खाम नदी पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात रोडावते. अशा ठिकाणी राजधानी वसविणे अनेकांना अविचाराचे वाटले. उत्तरेकडील डोंगरांच्या कुशीतले पाणी जमिनीखालून नगरात आणण्याची कल्पना अंबर यांनी मांडली, तेव्हा दरबारात तिची थट्टा झाल्याचे सांगितले जाते. त्यांनी काम मात्र थांबविले नाही. १६१० च्या दशकात नहर पूर्ण झाली. पंधरा महिने आणि अडीच लाख रुपये एवढ्यात हे काम उरकल्याची पारंपरिक नोंद आहे.

या नहरीचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. हर्सूलच्या बाजूला डोंगरपायथ्याशी भूजलाची पातळी नगरापेक्षा उंच आहे. तेथे खोल खोदून जमिनीत झिरपलेले पाणी एका भुयारी मार्गात गोळा केले गेले. हा मार्ग अत्यंत सौम्य उताराने नगराकडे नेण्यात आला. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने वाहून बांधकाम खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो, म्हणून तो मोजून सांभाळावा लागतो. वाटेत जागोजागी जमिनीपर्यंत उघडणारी चिरेबंदी तोंडे ठेवली गेली. त्यांतून हवा खेळती राही आणि गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरू शके. आज अशा तोंडांना मॅनहोल म्हणतात. या नहरीवर अशी सुमारे १४० तोंडे होती. नगरात शिरल्यावर पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून आणि दगडी पाटांतून मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या हौदांत जाई. पाणी उपसण्यासाठी ना बैल लागत, ना रहाट. अल्लाहने जमिनीला दिलेला उतार हेच त्याचे बळ होते.

ही विद्या मूळची इराणच्या कोरड्या प्रदेशांतली. तिला तेथे कनात म्हणतात. आश्चर्य असे की, त्याच काळात मोगलांचे दख्खनमधील सेनापती आणि मलिक अंबर यांचे रणांगणातील प्रतिस्पर्धी अब्दुर्रहीम खान-ए-खानान हेही बुऱ्हाणपुरात हेच करीत होते. तेथील कुंडी भंडारा १६१५ चा आहे. हे दोघे एकमेकांचा पराभव करण्यासाठी आयुष्यभर झटले, परंतु तहानलेल्या माणसासाठी दोघांनीही सातपुडा आणि सह्याद्रीच्या रांगांत एकच मार्ग शोधला.

पाण्याच्या मागोमाग आलेल्या इमारती

खडकीच्या रचनेत पाणी पुढे आणि इमारती मागे असा क्रम होता. मलिक अंबर यांनी बांधलेल्या मशिदी काळ्या बेसाल्टच्या आहेत आणि काली मशीद याच नावाने लोक त्यांना ओळखतात. अशा सात मशिदी त्यांनी बांधल्याचे सांगितले जाते. त्यांचा दगड दूरदेशीचा नव्हता, ज्या खडकावर नगर उभे राहिले तोच होता. त्यामुळे त्या इमारती जमिनीतून उगवल्यासारख्या दिसतात. कोरीवकाम थोडे, भिंती जाड, उंची बेताची.

जामा मशिदीचा आरंभही त्यांचाच. बहुकोनी पन्नास स्तंभ पाच ओळींत उभे असून कमानींनी ते जोडलेले आहेत. पुढे औरंगजेबाच्या काळात तिचा विस्तार झाला. तरीही जुन्या भागाशी नवा भाग मिळताजुळता राहिला. स्तंभांच्या सावलीतून अंगणाकडे, अंगणातून हौदाकडे अशी वाट नमाजीला आपोआप सापडते. १६१२ चा भडकल दरवाजा हा मोगलांवरील विजयाचे स्मारक मानला जातो, आणि तोही नदीकडून नगरात येणाऱ्या वाटेचे भान ठेवून उभा आहे.

नौखंडा महाल हे त्यांच्या दृष्टीचे अधिक स्पष्ट उदाहरण होते. दिवाणखाना, मशीद, कचेरी, जनानखाना असे त्याचे स्वतंत्र विभाग होते आणि विभागांना आपापल्या बागा व हौद जोडलेले होते. एकच अवाढव्य इमारत बांधून तिच्याभोवती शोभेची झाडे लावणे त्यांनी टाळले. मोकळी जागा, सावली आणि पाणी यांची वाटणी खोल्यांप्रमाणेच केली गेली. आज तो महाल उद्ध्वस्त आहे, पण त्याच्या वर्णनावरून रचना कळून येते.

नगरातील पुऱ्यांची नावेही बोलकी आहेत. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली असे सांगतात. हबशी, दख्खनी मुस्लिम आणि मराठे एकाच नहरीचे पाणी पीत होते. नळाला जातपात विचारता येत नाही.

दोनदा जळालेले शहर

१६१६ मध्ये जालन्याजवळील रोशनगावच्या लढाईत मलिक अंबर पराभूत झाले. मोगल फौजा खडकीत शिरल्या आणि त्यांनी नव्याने उभारलेले नगर उद्ध्वस्त केले, जाळले. पाच वर्षांनी, १६२१ मध्ये, शहजादा खुर्रम म्हणजे पुढचे बादशहा शाहजहान यांच्या फौजांनी पुन्हा तेच केले. वयाची सत्तरी ओलांडलेल्या या वृद्धाने दोन्ही वेळा नगर परत उभे केले. भिंती जळाल्या, छपरे कोसळली, परंतु डोंगराच्या कुशीतून येणारा भूजलाचा ओघ कोणत्याही सैन्याला लुटून नेता येत नव्हता. पाणी होते म्हणून माणसे परतली, आणि माणसे परतली म्हणून नगर उभे राहिले. काळाची उलटापालट अशी की, तोच शहजादा पित्याशी बंड करून निराधार झाला तेव्हा साहाय्यासाठी याच मलिक अंबर यांच्या आश्रयास आला.

जमिनीविषयीची त्यांची जाण महसुलाच्या व्यवस्थेतही उतरली होती. गावे मक्तेदारांना लिलावाने देण्याची पद्धत त्यांनी मोडली. जमिनीचा कस आणि पीक पाहून सरकारचा वाटा ठरविला, गावकऱ्यांचे जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क मान्य केले आणि दुष्काळी व सुकाळी वर्षांत भेद केला. मलिकंबरी धारा हे शब्द नंतरच्या मराठी कागदपत्रांत आदराने येतात. शिवकाळातील जमाबंदीपुढेही ही व्यवस्था आदर्श म्हणून होती.

पाण्याचे ज्ञान त्यांनी युद्धातही वापरले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि विजापूरच्या संयुक्त फौजा उभ्या ठाकल्या, तेव्हा त्यांनी तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटा चिखलात बुडविल्या आणि निर्णायक विजय मिळविला. शहाजीराजे भोसले या लढाईत त्यांच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. ज्या हातांनी तहान भागविली त्याच हातांनी पाणी शस्त्रासारखे चालविले. ज्ञान ही अमानत असते आणि तिचा हिशोब वापराप्रमाणे होतो, हे सत्य या प्रसंगातून जाणवते.

जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्यांचा उल्लेख सतत तिरस्काराने केला. दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून त्याने एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा मलिक अंबर यांच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही. १४ मे १६२६ रोजी, सुमारे ऐंशीव्या वर्षी, मलिक अंबर यांचे नैसर्गिक मरण झाले. त्यानंतर मोगलांच्याच इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्यांच्या युद्धकौशल्याची, न्यायाची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती लिहून ठेवली.

खुलताबादचा चौथरा

त्यांची कबर खुलताबादेत आहे. दख्खनच्या सूफी संतांच्या सहवासात, डोंगराच्या माथ्यावर, ही वास्तू त्यांनी हयातीतच बांधवून घेतली होती. पत्नी बीबी करीमा यांची कबर जवळच आहे. बाजारात विकल्या गेलेल्या मुलाला जगात जेवढी जमीन स्वतःची म्हणता आली, ती एवढीच.

त्यांच्या पश्चात पुत्र फतेहखानने नगराला फतेहनगर असे नाव दिले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. नगर मात्र वाढत गेले. शहजादा आझमशहाने आई दिलरस बानू बेगम यांच्या स्मरणार्थ बांधलेला बीबी का मकबरा, त्यापुढची चारबाग आणि कारंजी यांना पाण्याचा आधार याच परंपरेने दिला. त्यानंतर नगरात आणखी अनेक नहरी निघाल्या. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान यांनी उभारलेली पाणचक्की हे त्या परंपरेचे परिपक्व रूप होय. दूरच्या डोंगरातून आलेले पाणी तेथे उंचावरून पडते आणि पीठ दळणारी चक्की फिरविते. मग ते मशिदीपुढच्या विस्तीर्ण हौदात साठते. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या भव्य दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे मुसाफिरांसाठी बांधलेले ते दालन भर उन्हाळ्यात गार राहते. एकाच पाण्याने चक्की फिरली, वुजू झाली, दालन थंड झाले आणि अखेरीस ते खाम नदीला मिळाले. इमारत, बाग आणि निसर्ग यांची याहून सुंदर सांगड क्वचितच सापडेल.

आपल्या अंगणासाठी बोध

हे सारे वाचून आपण केवळ अभिमान बाळगला, तर त्याचा उपयोग काय? खडकीच्या परिसरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. यवतमाळ जिल्ह्यात तो ९०० मिलिमीटरच्या पुढे असतो. तरीही २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटल्यावर यवतमाळ शहरातील लोकांना पाण्यासाठी रात्री जागवाव्या लागल्या. आपला खडकही तोच काळा बेसाल्ट आहे. फरक पावसात नाही, दृष्टीत आहे.

आपल्या गावांत नवी मशीद किंवा घर बांधताना बहुधा सर्वप्रथम जुना कडुलिंब तोडला जातो, मग संपूर्ण अंगणावर फरशी किंवा काँक्रीट पसरले जाते. पावसाचे पाणी गटारात जाते, उन्हाळ्यात फरशी तापते आणि मग कूलरसाठी टँकर मागवावा लागतो. मलिक अंबर यांच्या पद्धतीने विचार केला, तर काही साध्या गोष्टी सहज करता येतील.

आपल्या देशात किबला पश्चिमेकडे आहे. म्हणजे मशिदीची मिहराबाची भिंत नेमकी दुपारनंतरचे कडक ऊन झेलते. असर आणि मगरिबच्या नमाजांना आत जी उष्णता जाणवते, तिचे हे एक कारण आहे. त्या भिंतीमागे दहा हात जागा सोडून कडुलिंब, करंज किंवा चिंचेची रांग लावली, तर काही वर्षांत मशीद स्वतःच थंड होऊ लागेल. वुजूचे पाणी मैले नसते. ते गटारात सोडण्याऐवजी एका पाटाने या झाडांच्या मुळाशी नेता येते. छपराचे पावसाळी पाणी गाळून जुन्या विहिरीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येते. ईदगाहचे मैदान मोकळे असावे, पण त्याच्या कडा उजाड असण्याचे कारण नाही. कब्रस्तानात झाडे लावताना कबरींना मुळांचा त्रास होणार नाही अशा कडेच्या जागा निवडाव्यात.

या गोष्टी शोभेच्या नाहीत, दीनशी त्यांचा थेट संबंध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाहत्या नदीकाठीही वुजूत पाण्याची उधळपट्टी करू नये अशी शिकवण दिली. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या खात्यात सदका म्हणून लिहिले जाते, असे त्यांनी सांगितले. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईच्या नावाने सर्वोत्तम दान कोणते असे विचारले तेव्हा त्यांना पाणी सुचविले गेले आणि त्यांनी विहीर खोदली. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. खलीफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी हाजींसाठी मक्केपर्यंत पाणी आणविले. मलिक अंबर यांची नहर याच साखळीची दख्खनमधील कडी आहे.

आज आपल्याकडे दिवंगतांच्या नावाने मशिदीला घड्याळे, पंखे, झुंबरे दिली जातात. त्यात गैर काही नाही. परंतु घड्याळ बंद पडते, पंखा गंजतो. एखाद्या कुटुंबाने आपल्या आईच्या नावाने मोहल्ल्यातील बुजलेली विहीर उपसून दिली, किंवा मशिदीच्या पश्चिमेला दहा झाडे लावून तीन उन्हाळे त्यांना पाणी घातले, तर त्याचे पुण्य पिढ्यान्पिढ्या वाहत राहील. हे काम समितीच्या बैठकीची वाट पाहत नाही. मुलांना सोबत घेऊन, या पावसाळ्याआधी, आपल्या अंगणातील पाणी कोठून येते आणि कोठे जाते एवढे पाहिले तरी प्रारंभ होतो.

ज्याला स्वतःचे गाव उरले नाही, त्याने इतरांसाठी गाव वसविले. ज्याला कोणी पाणी पाजले की नाही हे इतिहासाला ठाऊक नाही, त्याने शतकानुशतके लोकांची तहान भागविली. त्याच्या चुका अल्लाहकडे आहेत आणि अल्लाह क्षमाशील आहे. त्याच्या चांगल्या कामाचा धागा पुढे नेणे आपल्या हाती आहे.

अल्लाह आपणा सर्वांना पृथ्वीची अमानत सांभाळण्याची, पाण्याची कदर करण्याची आणि मागे सावली ठेवून जाण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.